शीतगृहातलं मटण आणि झाबेलबाईंची अंजिरं

आदरणीय अध्यक्ष ओनिग सराफियान, ज्यांनी आशीर्वाद दिल्याशिवाय आम्ही फ्रेस्नोचे आर्मेनियन द्राक्षाचा मणीही तोंडात टाकत नाही ते आमचे धर्मगुरू देर घेवोंत, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या शीतगृहप्रमुख झाबेलबाई, आणि जेवणाच्या वासानं चुळबुळणाऱ्या अंजीर-बागायतदार बंधुभगिनींनो,

मी ह्रांत, पॅकिंग शेडचा मुकादम. थोडक्यात बोलेन. म्हणजे, प्रयत्न करीन.

गेला हंगाम आठवतोय ना? विषारी धुरी दिलेला माल नको, असं गिऱ्हाइकानं बजावलं होतं. वर एक जरी जिवंत अळी सापडली तरी संबंध संपला. मग शेड उघडायची कुणासाठी? सगळी भिस्त थंडीवर. अंजिरं शीतगृहात गारठवायची आणि अळ्या मरेपर्यंत त्याचं दार उघडायचं नाही.

आणि दार उघडलं कुणी? देर घेवोंत, खाली बघू नका! द्राक्षांच्या आशीर्वादाच्या सणाचं मटण तिथं ठेवलेलं. मसाला लावायला दार उघडं, कांदा घालायला दार उघडं. शेवटी ते सताडच राहिलं.

"अळ्यांना ऊब द्यायला आलात का?" झाबेलबाई कडाडल्या.

"अगं मुली, देवाचं काम होतं."

"मग आता माल पण देवालाच विका!"

पुन्हा गारठवायला वेळ कुठला? ट्रक दारात येऊन उभा. बाईंनी सगळी अंजिरं गरम हवेच्या खोलीत घातली. उष्णता कमी पडली तर अळी जगते, जास्त झाली तर अंजीर काळं पडतं. बाई ट्रेमागून ट्रे दाबून, फोडून, चाखून बघत होत्या. आणि ट्रे ओढत कोण होतं? बाह्या सरसावून, घामाघूम, देर घेवोंत! बाईंनी त्यांना पाणी प्यायलासुद्धा सोडलं नाही.

तपासनीस आला. आपल्यासमोर अंजिरं चिरत गेला. सगळ्यांचा जीव टांगणीला. शेवटी चाकू पुसून म्हणाला, "जिवंत एकही नाही. भरा ट्रक." हुश्श! खोटं कशाला सांगू, मी रडलो. आणि बाई? "ते मटण कुठाय? भूक लागलीय."

काल बाईंनी शीतगृहाची किल्ली माझ्या हातात दिली. आत यंदाची अंजिरं आहेत. आज सकाळी देर घेवोंतांनी मला बाजूला घेतलं. "ह्रांत, बाळा, समारंभाचा केक जरा आत..." मी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत होत्या.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. जीभ घसरली असेल तर पदरात घ्या. आणि बाई, तुमचा केक पार वितळलाय, त्याबद्दलही माफ करा. दार बंद आहे.