डावीकडचा फाटा

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि सावळदरीच्या सरपंच माननीय सुचिताताई, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, ग्रामपंचायतीचे सर्व सन्माननीय सदस्य, माझ्यासोबत ऊनपाऊस काढलेल्या आशाताई आणि अंगणवाडीताई, पहिल्या रांगेत सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या तानुबाई, त्यांच्या शेजारी बसलेले माझे यजमान नागसेनराव, कालच माझ्या जागेवर रुजू झालेल्या मंजुश्रीताई आणि ज्यांना मी गेली अनेक वर्षं सुया टोचून रडवलं ते या गावचे सारे लहानथोर, तुम्हा सर्वांना महामाया इंगळेचा नमस्कार आणि जय भीम.

माझ्याविषयी आधीच्या वक्त्यांनी इतकं चांगलं बोलून ठेवलंय की मला मधेच शंका आली, सेवानिवृत्त होणारी ही बाई कोण? त्यांच्या भाषणात मी निडर आहे. कर्तव्यदक्ष आहे. स्कूटरवर बसून येणारी रणरागिणी वगैरे आहे. शाल दिलीत, साडी दिलीत, हे सगळं मी आनंदाने घेते. पण निडर हा शब्द तेवढा परत करते. तो माझा नाही, आणि आज या सभागृहात तो खोटा शब्द राहून गेला तर एका मुलीचं नुकसान होईल. कोणाचं, ते लपवण्यात अर्थ नाही. मंजुश्रीताईंनी काल सकाळी पदभार घेतला आणि काल दुपारी बदलीचा अर्ज लिहिला. कारण एकच. सावळदरीला एसटी दिवसातून एकदा, तीही संध्याकाळी. आणि त्यांना गाडी येत नाही, गाडीची भीती वाटते. साखरखेर्ड्याहून वडिलांच्या मोटारसायकलवर बसून त्या आल्या. मी आज हे बोलणार म्हणून त्यांची परवानगी घेतली आहे. नाव घ्यायची दिली, पुढचं काय बोलणार ते त्यांनी विचारलं नाही. ही त्यांची पहिली चूक.

अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे, पुढे गेलेला नाही. म्हणून आभार मानण्याआधी मी माझी स्कूटरची गोष्ट सांगणार आहे. जेवणाला उशीर होईल, पण वांग्याची भाजी मुरली की जास्त चांगली लागते.

मी नोकरीला लागले तेव्हापासून एकोणीस वर्षं मी गाडीवर मागेच बसले. यजमानांचं मोताळ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते दुरुस्त करायचे. सकाळी दुकान उघडायच्या आधी मला आणि माझ्या लसीच्या डब्याला गावोगाव सोडायचे, दुपारी न्यायला यायचे. सात गावांतली माणसं त्यांना ‘सिस्टरचे डायवर’ म्हणायची आणि यांना त्याचा राग येत नसे. उलट मीच एकदा ऑटोने आले तर दोन दिवस बोलले नव्हते.

मग त्यांच्या साखरेने डोळ्यांवर हात टाकला. लेझर झालं, औरंगाबादच्या वाऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, गाडी आता बंद. हे घरी येऊन म्हणाले, ‘थोडं धूसर दिसते, बाकी काही नाही.’ ते धूसर किती धूसर आहे, हे ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं.

त्या वेळचे आमचे साहेब भले होते. म्हणाले, मॅडम, तुमचं वय सत्तेचाळीस. कशाला त्रास? तालुक्याला रिपोर्टिंगच्या कामाला घेतो, पंख्याखाली बसा. बदलीचा विनंती अर्जसुद्धा त्यांनी टाइप करून ठेवला होता, फक्त माझी सही बाकी. मी म्हटलं, साहेब, एक महिना द्या. महिनाभरात गाडी आली नाही तर सही करते. असं बोलायला माझ्याकडे काय आधार होता? काहीही नव्हता. सायकलसुद्धा येत नव्हती मला. पण सात गावांतली निम्मी लेकरं माझ्या हातांवर जन्माला आलेली. ती सोडून मी कागद कोणाचे मोजू?

मग स्कूटर आणली, पण चार दिवस अंगणात झाकूनच ठेवली. पाचव्या दिवशी पहाटे हे म्हणाले, ‘चाल, मी शिकवतो.’ मी म्हटलं, तुम्ही कसे शिकवणार? तर म्हणाले, ‘मोटार मी कधी डोळ्यानं पाह्यली का? कानानं पाह्यतो.’

आमच्या वस्तीच्या विहारापुढे मोठं मैदान आहे आणि मधोमध बोधिवृक्ष. हे विहाराच्या पायरीवर बसायचे आणि मी झाडाभोवती फिरायची. फिरायची कसली, गाडी मला फिरवायची. घाबरलं की माणूस मूठ आवळतो. आणि या गाडीचा वेग नेमका मुठीतच. म्हणजे जितकी भीती जास्त तितकी गाडी जोरात. पहिल्या दिवशी मी विहाराच्या भिंतीला जाऊन टेकले. हे पायरीवरून शांतपणे म्हणाले, ‘मूठ सोड. तू बायायले काय सांगते कळा आल्यावर? अंग ढिलं सोड म्हनते ना? मंग?’ एकोणीस वर्षं बाहेर ओट्यावर बसून या माणसाने माझी बाळंतपणं ऐकली होती, हे मला तेव्हा कळलं.

पंधरा दिवसांत मी न पडता फिरू लागले. इंजिनाच्या आवाजावरून हे सांगायचे, आता हळू, आता ब्रेक, आता पाय टेकवलास तो लवकर टेकवलास. मला वाटलं, जमलं. बुधवारी सावळदरीचं लसीकरण होतं. महिन्याची मुदतही पुढच्याच आठवड्यात संपत होती. लायसन्स तेव्हा कच्चं होतं. आरटीओ कार्यालयाचे कोणी पाहुणे आले असतील तर त्यांनी कृपया दोन मिनिटं चहा घेऊन यावा.

लसीचा डबा पायांत ठेवला आणि निघाले. गल्लीतून उजवीकडे वळून मलकापूर रस्त्याला लागले. ट्रक गेला की माझी गाडी थरथरायची, मी त्याहून जास्त. तरी आले. सावळदरीचा फाटा दिसला. आपला फाटा कुठल्या बाजूला आहे? डावीकडे. मी डावीकडे हॅन्डल वळवायला गेले आणि हात वळेना. अंग कलेना. गाडी सरळ फाट्यावरून पुढे निघून गेली.

का, ते मला थांबल्यावर समजलं. पंधरा दिवस मी बोधिवृक्षाभोवती फिरले होते, पण फिरले कशी? झाड उजव्या हाताला ठेवून. आपण प्रदक्षिणा तशीच घालतो, आईने तशीच शिकवली, उलटी घालायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. पंधरा दिवसांत मी एकदाही डावीकडे वळले नव्हते. मला अर्धीच गाडी येत होती.

मग काय केलं? दीड किलोमीटर पुढे कापसाची जिनिंग आहे. तिच्या गेटासमोर ट्रक वळायला भरपूर जागा. तिथपर्यंत गेले, उजवीकडून वळले, परत आले. आता फाटा उजव्या हाताला आला. वळले. पण वळण्याआधी जिनिंगपाशी उतरून अर्धा तास दगडावर बसले होते. तिथला चौकीदार पाणी घेऊन आला आणि विचारू लागला, ‘सिस्टर, जिनिंगमधी कोन बिमार हाय?’ मी म्हटलं, सध्या मीच.

सावळदरीत पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. कापूस वेचणीचे दिवस. अकरा लेकरांपैकी सात अंगणवाडीत होती. चौघांच्या आया वाट पाहून, लेकरं पाठीला बांधून वेचणीला गेल्या होत्या. आलेल्यांचं झाल्यावर तानुबाई म्हणाल्या, चाल, मी वावर दाखवतो. आम्ही डबा घेऊन पायी निघालो. तिथे लिंबाखाली बसून त्या चौघांना लस दिली, अर्धा तास त्यांच्यापाशी थांबलो. मी तानुबाईंना म्हटलं, मावशी, मला माफ करा. बहुतेक मी आता येणार नाही. ऑफिसात जाते. मला ही गाडी जमत नाही.

तानुबाई इथे बसल्या आहेत, त्यांच्यासमोर सांगते. त्या म्हणाल्या, ‘बाई, तू लेट आली तं चालते. पन येत जाय. तुह्या आंधी चार सालं इथं कोनी आलं नाही. जागा खालीच होती. माही रुख्मिणी तवाच गेली, गोवरात. अडीच सालाची होती. लस मोताळ्यात होती, अन् पोरगी इथं होती.’

एवढंच बोलल्या आणि ओच्यातला कापूस गाठोड्यात टाकायला लागल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या घरी चहा घेत होते, मला रुख्मिणी माहीत नव्हती. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली. मंजुश्री, जागा रिकामी राहणं म्हणजे काय, ते मला कोणत्याच ट्रेनिंगमध्ये कोणी असं सांगितलं नव्हतं.

परतताना आमची गल्ली डाव्या हाताला, तिथे उतरून गाडी ढकलत घरी आले. यांना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हे हसले नाहीत. म्हणाले, ‘चूक तुही नाही, माही हाय. तू एकाच बाजूनं फिरून राह्यली होती, मले दिसलंच नाही. मले दिसत नाही, महामाया.’

तोवर हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता. मी रडले. तेही रडले. सभेत असं सांगू नये म्हणतात, पण तेव्हा आम्ही दोघं रडलो हे खरं आहे. मग मी म्हटलं, जाऊ द्या, सही करते. तर डोळे पुसून म्हणाले, ‘कर ना. पन पयले मले डावीकडं फिरवून आन. मंग कर.’

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते माझ्या मागे बसले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी पुढे आणि ते मागे. ज्याला समोरचं काही दिसत नाही असा माणूस, जिला डावीकडे वळता येत नाही अशा बाईच्या मागे बसतो, याला हिंमत म्हणतात. तो निडर शब्द द्यायचा असेल तर तिकडे पहिल्या रांगेत द्या.

मी झाड डाव्या हाताला घेऊन निघाले. विहार झाडणाऱ्या पुष्पाबाई झाडू थांबवून पाहत राहिल्या. मलाच अपराधी वाटलं. म्हटलं, पुष्पाबाई, उलटं फिरते आहे, पण शिकण्यासाठी फिरते. त्या म्हणाल्या, ‘झाडाले काही फरक पडत नाही. तू पडू नोको म्हंजे झालं.’ आणि तिसऱ्या फेरीला आम्ही दोघंही पडलो. माझा गुडघा सोलला, यांचा कोपर. मी घाबरून यांना उठवायला धावले तर मातीत बसल्या बसल्या विचारतात, ‘कोनीकडं पडलो?’ मी म्हटलं, डावीकडे. म्हणाले, ‘मंग जमलं. इतके दिवस डावीकडं पडता बी येत नव्हतं तुले.’

पुढचे सहा दिवस पहाटे फक्त डावे फेरे. दिवसा कामावर ऑटो, बैलगाडी, जे मिळेल ते. सातव्या दिवशी फाट्यावर वळले. वळताना डोळे मिटले होते की उघडे, ते आठवत नाही. सावळदरीत नऊला पाच मिनिटं कमी होती. तानुबाईंनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘चहा मांडतो.’ साहेबांना मी तो टाइप केलेला अर्ज सही न करताच परत केला. त्यानंतर अकरा वर्षं हा फाटा मी चुकवला नाही.

आता मंजुश्रीताई, तुमच्याकडे येते. अहो-जाहो सोडते, माझ्या लेकीएवढी आहेस. काल चार्ज घेताना तू मला हळूच विचारलंस, मॅडम, भीती कधी जाते? तेव्हा आजूबाजूला माणसं होती म्हणून मी हसून टाळलं. खरं उत्तर आज देते. जात नाही. काल सकाळी शेवटची कामावर आले तेव्हाही फाट्यावर माझे तळहात ओले होते. ओढणीला पुसले आणि वळले. भीती जाण्याची वाट पाहत बसलीस तर ही जागा तोवर रिकामी राहील, आणि रिकामी जागा काय करते ते तानुबाईंना विचार. तू घाबरत ये. उशिरा ये. पडून, खरचटून ये. पण ये.

उद्या सकाळी सहा वाजता मोताळ्यात विहारापुढच्या मैदानात, राहायला आमच्याकडेच. गाडी माझी. पेट्रोल तुझं, कारण मी आता पेन्शनर. हे पायरीवर बसून ऐकतील, मी उभी राहून बघेन. महिनाभर मला दुसरं काही काम नाही, आणि महिन्यानंतरही नाही. साहेब, तेवढा एक महिना तो अर्ज टेबलावरच राहू द्या, ही माझी नोकरीतली शेवटची विनंती. साहेबांनी मान हलवली, आभारी आहे.

मंजुश्री, तू मात्र मान हलवू नकोस. तोंडाने सांग. मोठ्याने, मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे.

सहा नको, साडेपाच? उजेड नसतो गं तेव्हा. बरं, पावणेसहा. तानुबाई, ऐकलंत? पावणेसहा म्हणाली.

तर मंडळी, माझं काम झालं. या गावाने मला घरचं मानलं, माझ्या हातात आपली लेकरं विश्वासाने दिली, त्याबद्दल मी तुमची कायम ऋणी राहीन. सुचिताताईंनी आणि ग्रामपंचायतीने हा देखणा सोहळा घडवून आणला, स्वयंपाकघरात सकाळपासून राबणाऱ्या बायांनी तो जेवणासह साजरा केला, त्यांचे मनापासून आभार. नोकरीत कोणाला रागे भरले असेन, सुई जरा जोरात लागली असेल किंवा आज बोलण्याच्या भरात कोणाचं मन दुखावलं असेल, तर आपल्या घरातलीच बाई आहे म्हणून पोटात घाला. सर्वांना पुन्हा एकदा जय भीम, नमस्कार. आता जेवायला चला.