पानाचा डबा

—नाही, नाही, थिबाची नाही गो ती खुर्ची. हरिहरमास्तरांना कोणीतरी उगाच सांगितलंय. रत्नागिरीत कोणाकडे जुनी खुर्ची दिसली की ती थिबा राजाची — आरसा दिसला, थिबाचा, पलंग दिसला, थिबाचा — ब्रह्मदेशातून बिचाऱ्याला इंग्रजांनी धरून आणला, तेव्हा काय फर्निचरचं दुकान बरोबर घेऊन आला होता? ही आमच्या आगरातल्या फणसाची. फणस वादळात पडला, त्याची मामंजींनी करून घेतली. मामंजी म्हणजे माझे सासरे. हे काय, खाटेवर निजलेत ते. घाबरू नको, ते बोलत नाहीत. म्हणजे आवाज करतात. बस तू. खुर्चीवर नको — तिथे कोणी बसत नाही — झोपाळ्यावर बस.

तर सम्राट करताय तुम्ही यंदा गॅदरिंगला. जगातले. कोण कोण? रोमचा — बरं — फ्रान्सचा लुई, रशियाचा झार — आणि सगळे ह्या एकाच खुर्चीवर? एक उठला की दुसरा बसणार? ठीक आहे, शाळेला परवडेल तेच करायचं. लुईचं काय म्हणालीस? तो सकाळी झोपेतून उठतो ते बघायला सरदार उभे? अगो, त्यात काय, इथे मी उभी असते. तांब्या घेऊन. आणि तू कोण होणार? मोठ्याने बोल जरा, रहाटाच्या आवाजात ऐकू येत नाही — मागे विहिरीवर आमची लीला पाणी काढत्ये — कोण? चीनची राणी. ती काय करते? पुढे लहान राजा बसतो आणि ही पडद्यामागून सांगते? म्हणजे हुकूम हिचा आणि नाव त्याचं. बरं काम दिलंय मास्तरांनी तुला. तोंड दाखवायला नको.

पण खुर्ची द्यायची तर मामंजींना विचारायला हवं. हसू नको, तसंच आहे आमच्याकडे. कलमांवर फवारणी कधी करायची ते मामंजी सांगणार, भाताला कोणतं बी ते मामंजी, गणपतीला करंज्या की मोदक तेही मामंजीच. आवाज मात्र कधी चढवला नाही हो त्यांनी. लोकांना वाटतं, एवढा दरारा, मारत असतील, ओरडत असतील — छे. ह्या खुर्चीवर बसायचे, मांडीवर पानाचा डबा. हा बघ, हाच. आपण समोर उभं राहून काय ते बोलायचं. ते पानाच्या शिरा काढत ऐकायचे. बोलून झालं की एकतर विडा करून आपल्या हातावर ठेवायचे — म्हणजे झालं, हो म्हणाले — मग तो खाल्लात न खाल्लात, हातात घ्यायचा. नाहीतर झाकण लावायचे. टक्. की विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. माझे यजमान एवढे बाप्ये, पण पावसात कोकमाची रोपं लावू का म्हणून उभे राहिले आणि टक् झालं, तर रोपं तशीच कुंपणाजवळ वाळली. कोणी उचलूनसुद्धा टाकली नाहीत.

मी? मी एकदाच विचारलं. लग्न होऊन आले तेव्हा. माझं माहेर गुहागर, तिथे मी शाळेत शिकवत होते. तिसरीला. तर म्हटलं, इथे शाळा जवळ आहे, जाऊ का. हे झाकण जरा तिरकं बसतं, म्हणून आवाज येतो. तेवढंच. राग नाही आला मला, कशाला येईल — त्याआधी नाव नव्हतं का त्यांनीच ठेवलं? तांदळात अंगठीने लिहिलं ह्यांनी, पण कोणतं लिहायचं ते मामंजींनी सांगितलेलं. मालिनी. आता मलासुद्धा तेच वाटतं. आधीचं? विमला. काय गो विचारतेस, इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

मग मागच्या पावसाळ्यात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आव, एवढंच येतं तोंडातून. डॉक्टर म्हणाले, समजत असेल, नसेल, सांगता येत नाही. पण घरात सगळे तसेच येऊन उभे राहायचे, खाटेपुढे. सवय. आणि त्यांचं अंग पुसायला, भरवायला मी, म्हणून सगळ्यांना वाटलं, हिला कळतं. वहिनी, काय म्हणतात हो? कलमांना पाणी सोडू म्हणतात का? — आता मी काय सांगू? मी म्हटलं, सोडा म्हणतात. सोडलं. कोणाचं काही बिघडलं नाही. मग ह्यांनी विचारलं, गॅसची शेगडी घ्यायची का. मामंजी तीन वर्षं नको म्हणत होते, गॅसने स्फोट होतात म्हणून. ह्यांनी विचारलं, मामंजी म्हणाले आव, आणि मी म्हटलं, घ्या म्हणतात. आली शेगडी. मग टीव्ही. तोही आला, तो बघ, वर क्रोशाचा रुमाल टाकलाय. पाहुणे म्हणतात, आजारपणाने माणूस किती निवळतो, नाही? मी म्हटलं, हो, निवळलेत.

पाजते थांब त्यांना पाणी. — हं. — गिळा. — विडा पण लागतो अजून. दात नाहीत, खलबत्त्यात कुटून द्यायचा. डबा आता माझ्याकडेच असतो.

लीलाला बोलवू नको, ती येणार नाही. कालपासून जेवलेली नाही. लीला म्हणजे माझी नणंद, धाकटी. तुझ्यासारखीच होती शाळेत असताना, खाली मान घालून — पण हुशार. बँकेची परीक्षा दिली आणि पास झाली. मुंबईला नेमणूक आल्ये. राहायची सोय मामेबहिणीकडे आहे, दादरला, काही म्हणजे काही अडचण नाही. उद्या दुपारच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. म्हणजे आज रात्रीची एसटी धरायला हवी. बॅग भरून ठेवलीन तिने. आणि परवा येऊन उभी राहिली खाटेपुढे. नवी साडी नेसून, बघ. बाबा, मी जाऊ ना? मामंजी म्हणाले, आव. ती माझ्याकडे बघायला लागली — हसत होती, टीव्हीला हो, गॅसला हो, मग मला का नाही — माझ्या मांडीवर डबा होता. उघडा. माझ्या हाताने झाकण लागलं.

टक्.

नाही, मी ठरवलं नव्हतं. हात गेला. आता रात्री मामंजींची कूस बदलायची तर दोघी लागतात, माझ्या एकटीच्याने होत नाही, हे जड आहेत, दिसत नाहीत एवढे जड आहेत — आणि शिवा गडी आहे, पण तो दिवसाचा — तसं काही मनात नव्हतं पण. गुहागरचंही नव्हतं. कशाला असेल? वीस वर्षांची मुलगी ती, मी का तिच्यावर — काहीच नव्हतं मनात. तेच तर सांगत्ये. आतासुद्धा नाहीये. मी म्हटलं, मामंजी नको म्हणतात. आणि ती निमूट आत गेली. रडली नाही की भांडली नाही. ह्या घरात टक् झाल्यावर कोणी भांडत नाही. बॅग मात्र अजून रिकामी केली नाहीये, तिच्या खाटेखाली आहे.

तुमच्या त्या राजांचं पण असंच असेल का गो? एवढी मोठी राज्यं, कुठल्या कुठे गावं — तिथे हुकूम पोचायचा, तो राजाचाच कशावरून? मधे कोणीतरी बसलेलं असणार डबा घेऊन. पुस्तकात येत नसेल त्याचं नाव.

बरं, खुर्चीचं विचारू. मामंजी — शाळेची मुलगी आल्ये — खुर्ची मागत्ये, गॅदरिंगला. देऊ? — ऐकलंस? आव. द्या म्हणतात. — काय? — काय म्हणालीस, पुन्हा बोल.

हो. मघाशी कौलांवर कावळा बसला, तेव्हाही तेच म्हणाले.

हो गो. पाण्यालाही तेच. मी त्यांचे डोळे पुसले तरी तेच. तुला एवढ्यात कळलं. आणि ह्या घरातली मोठी माणसं सहा महिने येऊन उभी राहतायत — कळलं असेल. हे कळून घ्यायचं नसेल कोणाला. ह्यांना बरं पडतं, लीलाला पाठवणार का म्हणून भावकीने विचारलं तर बाबा नको म्हणाले सांगायचं. माझं नाव कशातच नाही. तू चीनची राणी म्हणून टाळ्या घेशील, मला तेवढंही —

थांब. रहाट थांबलाय.

केव्हापासून थांबलाय? ह्या घरात भिंती कौलांपर्यंत जात नाहीत, इथे कुजबुजलं तरी मागच्या दारी ऐकू जातं. मला माहीत आहे ते. मला माहीत होतं आणि तरी मी मघापासून — तू ऊठ बरं आता. खुर्ची शिवा आणून टाकेल संध्याकाळी. मास्तरांना सांग, मामंजींनी — नाही. मास्तरांना सांग, मालिनीवहिनींनी दिली. जाताना फाटकाची कडी लाव, गुरं शिरतात. एक मिनिट, तो चुना सरकव इकडे. सुपारी पण. पान मोठं आहे, असू दे.

लीला! अगो, किती वेळ दारात उभी राहशील? हात पूस आणि पुढे ये. हात पुढे कर. — तोंड मिटा, मामंजी. हा तुमचा नाही.