खड्ड्यात उतरलेले साहेब

माती सर्वेक्षणाच्या कार्यालयात माझ्या शेजारी बाकावर एक म्हातारे बसले होते. त्यांची सून खिडकीवरून कागद घेऊन आली.

“काय झालं, सूनबाई? पूरपट्टाच ना? घर बांधायचं विसरायचं?”

“नाही, बाबा! आपल्या जमिनीचा वर्ग बदलला. इथले माती तपासणारे साहेब खड्ड्यात उतरले होते ना परवा?”

“तू खणलेल्या?”

“छातीएवढ्या! वर मऊ गाळ, खाली चिकणमातीचा घट्ट, तांबूस थर. असा थर तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. दरवर्षी पूर आला असता, तर नुसते गाळाचे पापुद्रे दिसले असते.”

“म्हणजे?”

“आपली जमीन नदीची जुनी, उंच पायरी आहे, आता पूर तिथवर चढत नाही. घराला चालते. हा बघा शिक्का!”

“आणि मी आठवडाभर तुला वेड्यात काढत होतो!”

“आता काय म्हणता?”

“कुदळ कुठे ठेवलीस? पायाची पहिली मी मारणार.”