मुदत कुणी वाढवायची

जमलेल्या वकील मंडळींनो, ताईंचे यजमान सर, आणि माझ्यासारख्या पक्षकारांनो, म्या बोलणारा माणूस न्हाय. कोर्टात उभं राहायची सवय झाली, पर शोकसभेत बोलायची न्हाय. तरी सुमनताईंबद्दल बोलल्याबिगर घरी जाववणार न्हाय.

म्या महादेव, तामलवाडीचा. टेम्पो चालवतो. विहिरीच्या सुरुंगाचं जिलेटिन माझ्या टेम्पोत सापडलं, मालाच्या मालकाचा परवाना संपलेला. म्या नुसतं भाडं मारत होतो. पर कलम लागलं दहशतवादाचं. गावानं तोंड फिरवलं. वकीलपत्र कुणी घेईना. ताईंनी घेतलं.

जेलात नव्वद दिवस झाले, तरी पोलिसांचं दोषारोपपत्र न्हाय. तालुक्याच्या कोर्टानं पोलिसांना आणखी मुदत दिली. ताई जेलात भेटायला आल्या. म्हणाल्या, "महादेव, ही मुदत वाढवायचा अधिकार विशेष न्यायालयाला. ते नसेल तिथं सत्र न्यायालयाला. या कोर्टाला नाहीच. म्हणून ही वाढ बेकायदा. नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर तुला जामीन मिळायलाच पाहिजे."

म्या चिडलो. "ताई, म्या काय केलंच न्हाय, ते सांगा की! कोर्ट कंचं, त्याच्याशी मला काय करायचंय?"

त्या रागावल्या न्हाईत. "ते खटल्यात सांगीन. आज तू बेकायदा आत आहेस, आधी ते सांगू दे."

खालच्या कोर्टानं अर्ज फेटाळला. ताई हायकोर्टात गेल्या. जेलात आल्या तवापासूनच त्यांची केमो चालू होती. डोक्याला रुमाल बांधून उभ्या राहिल्या. मला ठाऊक न्हवतं. ठाऊक असतं, तर तसं बोललो असतो का?

जामीन झाला. घरी आई अंथरुणाला खिळलेली. एकोणीस दिवस म्या तिला माझ्या हातानं पेज पाजली. विसाव्या दिवशी ती गेली. वकीलसाहेब, अधिकार कुणाचा, हा तुमच्यासाठी कायद्याचा मुद्दा असंल. माझ्यासाठी ते एकोणीस दिवस हायेत.

पुढं दहशतवादाचं कलम गळालं, खटला साध्या कोर्टात चालला. गेल्या महिन्यात निकाल लागला. म्या तडक ताईंच्या घरी गेलो. त्या डोळे मिटून पडलेल्या.

"ताई, सुटलो."

"कसा सुटलास? निकाल वाच."

म्या अडखळत वाचलं. 'निर्दोष' आलं, तशा म्हणाल्या, "परत वाच." परत वाचलं. त्यांनी माझा हात धरला.

त्या दिवशी माफी मागायची होती. रडण्यात राहून गेली. आज सगळ्यांसमोर मागतो. ताई, जेलात म्या तुम्हाला नको ते बोललो. माफ करा.

उठा मंडळी, ताईंसाठी दोन मिनिटं गप उभं राहू.