नाही आलीस तरी चालेल

नाही नाही, सही करायला माझी काहीच हरकत नाही, पेन आहे माझ्याकडे — तुम्ही बसा तरी, त्या मुलांच्या बाकावर नको हो, गुडघे हनुवटीला लागतील, ही माझी खुर्ची घ्या. मला उभं राहायची सवय आहे. मुलं मैदानावर गेलीत, खेळाचा तास आहे, अजून अर्धा तास तरी इथे कोणी येत नाही. तर काय म्हणत होतात — चाचणीच्या दिवशी माझ्या चौथीच्या हजेरीपटावर एकतीस हजर, आणि तुमच्या कचेरीत पोचलेले पेपर तीस. आणि तुमचं म्हणणं, बाई, एकतिसाचे तीस करा, बाजूला छोटी सही ठोका, मी पुढच्या शाळेत जायला मोकळा. बरोबर आहे तुमचं. एवढ्या शाळा, एवढे वर्ग, एका आकड्यासाठी कोण डोकं लावणार? हात चुकला असेल बाईंचा. सव्वीस वर्षं हजेरी घेतेय, अजून कधी चुकला नाही, पण चुकू शकतो ना. कुणाचाही चुकू शकतो.

तुम्ही नवीन आहात ना खात्यात? वाटलंच. मग तुम्हाला माहीत नसणार — ही चाचणी सगळ्या शाळांना एकच असावी, चौथीच्या मुलाला काय यायला हवं ते सगळीकडे एकसारखं ठरवावं, ह्यासाठी जी समिती बसली होती ना, तिच्यात मी होते. हो, मी. बारा जणांत वर्गावर शिकवणारी अशी मी एकटीच, बाकी सगळे कोटवाले. तेव्हा कसं होतं, जी ती शाळा आपला पेपर आपणच काढायची, आपणच तपासायची, आपल्याच मुलांना पहिला नंबर देऊन मोकळी व्हायची. माझी धाकटी बहीण अशाच एका शाळेत शिकली. दरवर्षी पहिली. घरात तिचं कोण कौतुक! मग मोठ्या शाळेत गेली, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की तिथल्या मुलांना जे दोन वर्षांपूर्वी येत होतं ते हिला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटच्या रांगेत बसवली तिला. वर्षभर रडली आणि शाळा सोडली. आज ती एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालते, आणि अजून म्हणते, ताई, मी ढ होते गं. ढ नव्हती ती. तिला कुणी खरं सांगितलं नव्हतं, एवढंच. हे मी समितीत सांगितलं, जसंच्या तसं. पाणी आलं डोळ्यांत बोलताना. आणि वर एक नियमही घालायला लावला मी — कोटवाल्यांशी भांडून — की नुसती पास-नापासाची रेघ मारून थांबायचं नाही, जे मूल रेघेच्या खाली येईल त्याला रोज एक तास वेगळ्या बाई मिळाल्या पाहिजेत, वाचन शिकवायला, त्याच शाळेत, फुकट. चाचणी मुलांना पाडायला नाही, शोधायला आहे, असं म्हणाले मी. टाळ्या पडल्या. आता तुमच्या त्या माहितीपत्रकावर पहिल्या पानावर छापलंय ना ते वाक्य? माझं आहे ते.

हो, सांगते ना, सहीचंच सांगतेय.

मग चाचणी जाहीर झाली, आणि त्याबरोबर हेही जाहीर झालं की शाळांची यादी लागणार — कुठल्या शाळेची किती मुलं रेघेच्या वर. हे मात्र समितीत ठरलं नव्हतं, ते वरून आलं. हेडसरांनी मला बोलावलं. ते काही वाईट माणूस नाहीत हं. म्हणाले, "बाई, नियम तुम्ही केलेत, आता तुमचाच वर्ग खाली आला तर लोक आपल्याला हसतील." बस, एवढंच. पुढे चहा प्यायलो, गळक्या छपराबद्दल बोललो. सगळा दोष त्यांच्यावर ढकलायची मला फार इच्छा आहे, दोन महिने प्रयत्न करतेय, पण जमत नाही. त्यांनी मला काही कर म्हणून सांगितलं नाही.

माझ्या वर्गातली तीस मुलं रेघेच्या वर जाणार हे मला ठाऊक होतं. काही आरामात, काही धापा टाकत. एक नव्हती जाणार. तिला सगळे हळूबाई म्हणतात. चालणं हळू, डबा खाणं हळू, वहीत तारीख लिहीपर्यंत बाकीच्यांचं गणित सोडवून होतं. वाचताना अक्षरावर बोट ठेवते आणि ते बोट पुढे सरकतच नाही, म्हशीसारखं बसून राहतं. पण हुशार आहे हो. गोष्ट सांगा, मग त्या गोष्टीतलं असं काही विचारेल की तुम्हीच गप्प व्हाल. अक्षर तेवढं लागत नाही. आई तिची लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करते, स्वतः दोन यत्ता शिकलेली. हळूबाई हे नाव मुलांनी ठेवलं असं मी सगळ्यांना सांगते. मुलांनी नाही ठेवलं. पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं, एकदा वैतागून. मुलांनी फक्त उचललं.

चाचणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "उद्या तू नाही आलीस तरी चालेल." किती गोड बोलले मी! पाठीवर हात ठेवून. ती बरं म्हणाली आणि गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळ्यांच्या आधी दारात उभी — इस्त्रीचा कडक फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, नवी पेन्सिल. मी म्हटलं, अगं, तुला काय सांगितलं होतं? तर म्हणते, "आई म्हणाली, नाही आलीस तरी चालेल, म्हणजे आलीस तरी चालेलच की."

तेवढ्यात घंटा झाली, मी हजेरी घ्यायला लागले, आणि तिचा नंबर आला तशी ती उठून "हजर" म्हणाली, आणि माझ्या हाताने आपोआप खूण केली. सव्वीस वर्षांची सवय. हा तुमचा एकतिसाचा आकडा. चूक नाही ती. त्या दिवशी त्या पानावर मी केलेली तेवढीच एक गोष्ट बरोबर आहे.

दुसऱ्या शाळेचे परीक्षक आले होते, हेडसरांच्या खोलीत बसले. एकेका मुलाने आत जायचं, दहा ओळी मोठ्याने वाचायच्या, मग बाहेर येऊन गणिताचा पेपर लिहायचा. मी हळूबाईला वरच्या मजल्यावर नेलं, नकाशांच्या खोलीत. तिला म्हटलं, हे नकाशे बघ, सगळे विस्कटलेत, धूळ पुसून नीट गुंडाळून ठेव, तुझ्यासारखं व्यवस्थित कुणाला जमत नाही. आणि दार ओढून घेतलं. कडी नाही लावली! कडी लावली नव्हती मी, तुमचा चेहरा बघून सांगते — नुसतं ओढलं होतं. पण ती कशाला बाहेर येतेय? बाईंनी सांगितलंय ना. खाली परीक्षकांना मी सांगितलं की एक मुलगी आजारी आहे. गैरहजर मुलांची चाचणी नंतर घेता येते, त्याला वर्गशिक्षिकेने अर्ज पाठवावा लागतो. तो अर्जही मीच समितीत बसून तयार केलेला. कपाटात आहे, कोरा.

दुपारी डब्याच्या सुट्टीत वर गेले. एकोणीस नकाशे, एका मापाने गुंडाळलेले, दोऱ्याने बांधलेले, भिंतीला टेकवून उंचीप्रमाणे उभे केलेले. हात कोपरापर्यंत काळे. फ्रॉकला मात्र डाग नाही, फ्रॉक वर खोचून घेतला होता तिने. मला म्हणते, "बाई, माझा नंबर कधी?" — आता तरी खरं बोलावं ना माणसाने? दोन शब्द बोलून खाली घेऊन जायचं, परीक्षक अजून जेवत होते, वेळ होता. पण सकाळी आजारी म्हणून सांगून बसले होते. मी म्हटलं, तुझा झाला. हीच तुझी चाचणी होती. तू पास.

ती नाचली नाही की काही नाही. हळूबाईच ती. पेन्सिल कंपासात ठेवली, झाकण लावलं, आणि मग हसली.

निकाल तुम्हाला माहीतच आहे, तुमच्याच कचेरीत लागला. आमचा अख्खा वर्ग रेघेच्या वर. वर्तमानपत्रात फोटो आला, मी मध्ये, हेडसर बाजूला. बहिणीने तो कापून दुकानाच्या गल्ल्यामागे चिकटवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, ही माझी ताई. आणि रेघेखाली एकही मूल नाही म्हटल्यावर आमच्या शाळेला वाचनाच्या बाईंची गरज ती काय? त्या दुसऱ्या शाळेला मिळाल्या. जी बाई मी तिच्यासारख्या मुलांसाठी भांडून मिळवली होती, ती त्या मुलीच्या शाळेच्या फाटकावरून रोज पुढे जाते. सायकलवरून जाते. मी खिडकीतून बघते.

थांबा, अजून आहे. नव्हतं सांगायचं, पण आता निम्मं सांगून काय उपयोग?

निकालानंतर आठवड्याने तिची आई आली. लाँड्रीतलं काम मधेच टाकून आली होती, हात वाफेने लाल झालेले. म्हणाली, बाई, सगळ्या मुलांना पास झाल्याचा कागद मिळाला, आमच्या पोरीचा राहिला वाटतं. मी काही मागायला नाही आले, म्हणाली, पण भिंतीवर लावीन म्हणते, आमच्या घरात असा कागद कुणाला मिळाला नाही अजून. उभीच होती, तिथे, दाराशी, आत या म्हटलं तरी आत आली नाही. मी म्हटलं, कचेरीत राहिला असेल, उद्या देते. आणि दिला. माझ्या हाताने लिहिला, चांगल्या जाड कागदावर, सुबक अक्षरात, शाळेचा शिक्का मारून. माझं अक्षर छान आहे, सगळे म्हणतात. तो लावलाय त्यांनी भिंतीवर. माझ्या बहिणीच्या शाळेने तिला असेच कागद दिले होते, गठ्ठाभर, आईने पेटीत जपून ठेवले होते. एवढं सगळं मला माहीत असून — ज्या गोष्टीविरुद्ध मी अख्ख्या समितीपुढे रडले, तीच गोष्ट मी शिक्का मारून हातात दिली.

पुढच्या आठवड्यात साठ शिक्षकांपुढे भाषण आहे माझं. विषय, एकही मूल मागे न ठेवता वर्ग रेघेच्या वर कसा आणला. तुमच्याच कचेरीने बोलावलंय. तुम्हीच पत्र टाइप केलं असेल कदाचित.

तसं मी हे पचवलंही असतं. खरं सांगते. माणूस काय काय पचवतो. हजेरीपट पुढे केला असता, तिसाचा आकडा लिहिला असता, तुम्हाला पाणी विचारलं असतं. पण काल काय झालं, धडा वाचायला मी तिलाच उठवलं. का उठवलं कोण जाणे. ती उभी राहिली, बोट ठेवलं, पहिला शब्द लावला, दुसऱ्यावर अडली. मुलं खुसखुसायला लागली. मी म्हटलं, बस. तर बसली नाही. पुस्तक हातात घेऊन माझ्या टेबलापर्यंत आली आणि फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बाई, मी पास झालेय ना, मग मला वाचता का येत नाही?"

रागाने नाही हो. खरंच विचारत होती. तिला वाटतंय, तिच्यातच काहीतरी बिघडलंय.

मी तिला म्हटलं, जाऊन बस, उद्या सांगते. आणि आज सकाळपासून ती माझ्याकडे बघतेय.

द्या तो कागद. नाही, आकडा नाही बदलणार. एकतीसच राहू दे. शेऱ्याचा रकाना केवढासा ठेवलाय तुम्ही, मागच्या बाजूला लिहिते. "मुलगी शाळेत हजर होती. मी तिला मुद्दाम चाचणीला बसवलं नाही आणि आजारी असल्याचं खोटं सांगितलं. तिची चाचणी घ्यावी आणि शाळेला वाचनाच्या बाई द्याव्यात." खाली सही, तारीख. आणि हा अर्ज, कोरा होता तो, हाही भरून देते, नेऊन द्या. अक्षर नेहमीसारखं नाही आलं, वाचता येईल ना? हेडसरांना मीच सांगेन, तुम्ही बोलू नका. यादीतलं नाव जाईल, भाषण जाईल, बहिणीला गल्ल्यामागचा फोटो काढायला सांगावा लागेल. माझं काय व्हायचं ते वर ठरेल. पण तो भिंतीवरचा कागद — तो उतरवायला मलाच जायला हवं त्यांच्या घरी. आज संध्याकाळी जाणार आहे. म्हणजे, तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी जाणारच असते मी. लाँड्रीच्या कोपऱ्यापर्यंत जाते आणि वळते. आज नाही वळणार. असं कालही म्हटलं होतं.

नका, काही बोलू नका. मोठं मन वगैरे तर मुळीच म्हणू नका. तुम्ही तो आकडा घेऊन आला नसतात तर मी आज हे लिहिलं नसतं, एवढं लक्षात ठेवा.

शिट्टी झाली, येतील आता सगळे. तुम्ही निघा. ह्या बाजूच्या दाराने जा, तिकडून नको. घोळका जाऊ दे, आणि त्याच्या बऱ्याच मागून, एकटी, बुटांची माती पायरीवर नीट झटकत एक मुलगी येईल. तिच्याकडे बघू नका. बघितलंत तर ती हसेल तुमच्याकडे. जा. जा म्हटलं ना.