खासदारांचे सोळा सोमवार

इथे सिंगापुरात आमच्या पुंगोल भागाचे खासदार मला बघून घाम का पुसतात, ते सांगते. गाझातल्या मुलांपर्यंत औषधं पोचावीत म्हणून त्यांनी संसदेत प्रश्न विचारावा, एवढंच आमचं मागणं. शेजारची रोहाना आम्हा सहाजणींची तालीम घ्यायची: दोन मिनिटांत बोला, एकच गोष्ट मागा, काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा जा. खासदार लोकांना भेटतात सोमवारी. मी म्हटलं, मग सोळा सोमवारच धरते.

तीन सोमवार ते नुसतं "बघतो" म्हणाले. चौथ्या सोमवारी मी चुरम्याचा डबा पुढे केला.

"आंटी, गिफ्ट घेता येत नाही लाह," ते इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाले.

"गिफ्ट नाही, प्रसाद आहे. चिमूटभर घ्या."

घेतला बिचाऱ्यांनी. मग हळूच विचारलं, "अजून किती वेळा येणार?"

"बारा."

"आणि मी आत्ताच प्रश्न लिहून दिला तर?"

"तरी बारा. व्रत अर्धवट सोडत नाहीत."

सोबत आलेल्या रोहानानं कपाळाला हात लावला. त्यांनी मात्र खरंच कागद ओढला, प्रश्न लिहिला आणि मला वाचून दाखवला. माझे डोळे भरून आले.

"झालं ना आता?" त्यांनी विचारलं. "मग उरलेल्या सोमवारी काय मागणार?"

मी म्हटलं, "उत्तर."