मी म्हणायचं गो, पोरांनी म्हणायचं वेंट

मूळचे आम्ही नागपूरचे. वडील सरकारी कचेरीत कारकून, कचेरी भोपाळला आली तसे पाटावरवंट्यासकट तेही आले, आणि मी मोठा होऊन पिपलानीच्या कारखान्यात फिटर झालो. पण काय सांगू तुम्हाला, फिटर नावाला, खरी ड्यूटी संध्याकाळची. क्वार्टरच्या अंगणात सतरंजी टाकून कॉलनीतल्या पोरांना इंग्रजी क्रियापदं शिकवायचो, फुकट. पद्धत आपली पाढ्यांची. मी ओरडायचं गो, पोरांनी वेंट. मी सी, पोरांनी सॉ. असा आवाज व्हायचा बाप्पा, की कारखान्याचा भोंगा लाजून गप बसायचा. समोरच्या कडुनिंबावरचे कावळेसुद्धा भूतकाळात काव काव करायचे, खोटं असेल तर जीभ झडो. आणि पोरं अडखळली की आतून, पोळी लाटता लाटता, आमची मंडळी उत्तर द्यायची. हिची शाळा चौथीपर्यंत, पण ब्रिंगचं ब्रॉट असं फेकायची की तव्यावरची पोळी टम्म फुगायची.

मग पोरं पांगली, कोणी पुण्याला, कोणी अमेरिकेला. मी रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, कोलार रोडला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मुलगा हैदराबादला. दोन वर्षं झाली, ही पण गेली. घर आता एवढं शांत की फ्रिजशी भांडण काढावंसं वाटतं, तो निदान गुरगुरतो तरी.

जवाहर चौकात पाटी लावून पाहिली, मोफत इंग्रजी. एक बाई म्हणाल्या, अंकल, आजकल सब मोबाइल सिखा देता है. बरोबर आहे. मोबाइलला सतरंजीही लागत नाही.

मला शिकवायचं नव्हतंच हो. माझ्या हाकेला कुणीतरी ओ द्यावी, एवढंच. म्हणून एका संध्याकाळी बाल्कनीत उभा राहून दोन्हीकडचं मीच ओरडलो, फाइट, फॉट, ब्रेक, ब्रोक. तर खालचा चौकीदार रामदीन लाठी घेऊन चार मजले धावत वर. काकाजी, किससे झगड़ा हो रहा है? पलंगाखालीसुद्धा पाहिलं त्यानं. म्हटलं, कोणी नाही रे, बैस, मी पहिलं म्हणतो, तू दुसरं म्हण. तो म्हणाला, काकाजी, हमें अंग्रेजी नहीं आती, और गेट खुला पड़ा है. जिना उतरता उतरता म्हणाला, इंटरकॉम पे बोल लिया करो.

तेव्हापासून दिवेलागणीला मी इंटरकॉम उचलतो. मी म्हणतो ड्रिंक, तो म्हणतो हाँ काकाजी. मी म्हणतो स्पीक, तो म्हणतो हाँ काकाजी. सगळी उत्तरं चूक, आणि इतके पैकीच्या पैकी मार्क मी जन्मात कुणाला दिले नाहीत. काल मी ईट म्हटलं, तर गडी थांबला, हा शब्द ठाऊक असावा. म्हणाला, काकाजी, खाना खा लिया?

ही गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं बघा. मी म्हटलं, हो हो, श्रीखंडपुरी, वर दोन जिलब्या. गॅस पेटवलाच नव्हता मी. तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजला, त्याला जावं लागलं. नोकरी आहे त्याची. त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो. मी मात्र रिसीव्हर कानाला धरून तसाच बसलो, खालच्या गाड्या ऐकत.